बटणताईने विकलेले फोन

बटणताईचं दुकान एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली आहे. जिना वर चढत जातो तसं दुकानाचं छत खाली उतरत येतं, त्यामुळे आतल्या टोकाला उभं राहायचं तर मान वाकवावी लागते. ताई स्वतः ठेंगणी, तिचं काही अडत नाही. एखाद्या उंच गिऱ्हाइकाचं डोकं वर आपटलं की हातातलं काम न थांबवता ती म्हणते, "पहिल्यांदाच येताय वाटतं." माणूस डोकं चोळत हसतो आणि पुढे वर्षानुवर्षं येत राहतो.

तिचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. ती फक्त बटणांचे फोन विकते आणि दुरुस्त करते, म्हणून सगळे तिला बटणताई म्हणतात. काचेच्या पडद्याचा फोन घेऊन कुणी आलं तर ती त्याला समोरचं झगमगीत दुकान दाखवते. "तिकडे जा. तिथे एसी आहे," असं ती ज्या सुरात सांगते, त्यावरून एसी हा काहीतरी संसर्गाचा प्रकार असावा असं वाटतं.

तिच्याकडे येणारी माणसंही ठरलेली. एक गवंडी, सिमेंटनं त्याच्या बोटांची कातडी इतकी राठ झाली आहे की पडद्याला ती बोटं कळतच नाहीत. एक निवृत्त नर्स, तिची नजर पार अधू झालेली. बँडमध्ये कर्णा वाजवणारा एक जण, आता त्याचा हात थरथरतो. आणि शिंपीकाका, ज्यांनी उभं आयुष्य कात्री चालवली आणि ज्यांच्या अंगठ्याला सुपारीएवढा घट्टा आहे. या लोकांकडे बघून कुणी "अजून हा डबडा वापरता?" म्हणून हसलं, की ताईच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. एकदा एका पोरगेलेशा विक्रेत्याला तिनं असं फैलावर घेतलं की तो आपलं पत्रक काउंटरवरच विसरून गेला. ते पत्रक तिनं टेबलाच्या डगमगत्या पायाखाली सारलं.

फोन विकला, पैसे घेतले, काम संपलं, असं तिच्याकडे कधीच नव्हतं. फोनबरोबर पाठ असायचा. गिऱ्हाइकाला ती स्टुलावर बसवायची, डोळे मिटायला लावायची आणि पाचाच्या बटणावरचा उंचवटा अंगठ्यानं शोधायला सांगायची. सापडला की तिथून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. दोनाचं बटण दाबून धरलं की मुलगी. तीन धरलं की डॉक्टर. नऊ धरलं की ताईचं दुकान. आणि एकाच्या बटणावर ती लाल नेलपॉलिशचा जाडसर ठिपका द्यायची, बोटाला लागेल असा. ते बटण मदतीच्या तातडीच्या नंबराचं. नेलपॉलिशची बाटली आमच्या लग्नातली आहे, असं तिचा नवरा सगळ्यांना सांगायचा. ताई म्हणायची, "हो, त्या लग्नातली तेवढी एकच वस्तू टिकलीय."

लाल ठिपक्याचा पाठ सगळ्यात कडक असे. "हे गमतीत दाबायचं नाही. लागतो का बघू, म्हणूनसुद्धा दाबायचं नाही. तिकडे बसलेल्या माणसाचा वेळ जातो आणि तेवढ्यात कुणाचा तरी जीव जातो. पण खरंच वेळ आली, तर दाबून धरायचं, फोन कानाला लावायचा आणि थांबायचं. घाई करायची नाही. कापून पुन्हा पुन्हा लावत बसायचं नाही. पलीकडचा माणूस उचलतोच." हे ती प्रत्येकाकडून मोठ्यानं म्हणून घ्यायची. निवृत्त नर्स म्हणाली होती, "अहो, मी जन्मभर त्या पलीकडच्या बाजूला होते." तरी तिलाही म्हणावं लागलं.

ताईचा धाकटा भाऊ मोबाईल कंपनीत इंजिनियर आहे. वडिलांच्या मागे त्याचं शिक्षण ताईनंच केलं, त्यामुळे तो अजूनही तिच्यापुढे जरा खाली मान घालून जेवतो. रविवारी दुपारी तो तिच्याकडेच असतो. अशाच एका रविवारी त्यानं बातमी आणली.

"ताई, जुनं नेटवर्क बंद होणार."

"का? मोडलंय?"

"मोडलं नाहीये गं. जागा अडवून बसलंय." मग तो समजावून सांगायला लागला. हवेतून फोनच्या लहरी जातात, त्यांचे वेगवेगळे पट्टे असतात आणि ते मोजकेच असतात. सरकार त्यांचा लिलाव करतं. काही पट्ट्यांतल्या लहरी लांबवर जातात, भिंतीतून आत शिरतात. काहींमधल्या फार वेगवान, पण झाडाची फांदी आडवी आली तरी अडखळतात. जुन्या नेटवर्कनं नेमका चांगला पट्टा धरून ठेवलाय. तो काढून नव्याला दिला, की अख्खा सिनेमा डोळ्याची पापणी लवेपर्यंत फोनमध्ये उतरेल.

"माझ्या गवंड्याला सिनेमा उतरवायचा नाहीये," ताई म्हणाली. "त्याला घरी सांगायचंय की आज उशीर होईल."

ताईचा नवरा ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. रोज शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून तो इतका शांत झाला आहे की त्याला राग येताना कुणी पाहिलेलं नाही. तो ताट पुढे ओढत म्हणाला, "म्हणजे चांगल्या खोलीतला जुना भाडेकरू काढायचा आणि जास्त भाडं देणारा आणायचा."

"भावोजी, अगदी तस्संच!" भाऊ हसला.

"हसतोस काय?" ताई कडाडली. "त्या भाडेकरूनं जायचं कुठे, तेही बघितलंय का तुमच्या कंपनीनं?"

बघितलं होतं म्हणे. दुसऱ्या कंपनीनं तर जुनं नेटवर्क आधीच गुंडाळलं होतं. बाजारात नवीन बटणांचे फोन आले होते, डब्यावर ठळक अक्षरांत 'नव्या नेटवर्कसाठी' असं छापलेले. ताईनं ते बघितले होते, पण डब्यावरच्या छपाईवर तिचा कधीच विश्वास नव्हता. तिनं सरळ विचारलं, "ते फोन चालतात का?"

"चालतात," भाऊ म्हणाला. त्या वेळी तो पाणी ओतून घेत होता आणि त्यानं वर बघितलं नाही. ताईला हे तेव्हा दिसलं, पण खटकलं नाही. आपल्या भावाच्या एका शब्दावर तिनं घाऊक माल मागवला.

पुढचे काही आठवडे जिन्याखाली नुसती गर्दी होती. जुना फोन द्या, नवा घ्या, स्टुलावर बसा, डोळे मिटा. प्रत्येक फोनवरून ताई स्वतःच्या फोनला लावून बघायची. वाजला की मान हलवायची. ज्यांना दुकानापर्यंत येणं जमत नव्हतं, त्यांच्याकडे ती स्वतः जायची, पिशवीत फोन आणि नेलपॉलिशची बाटली घेऊन. रस्त्यावर मोठमोठे फलक लागले होते. त्यांवर केस उडत असलेली एक मुलगी आकाशाकडे बघत होती आणि खाली लिहिलं होतं की भविष्य आलं आहे. शिंपीकाका तो फलक बघून म्हणाले, "केस उडतायत एवढे, तर भविष्य फारच जोरात आलेलं दिसतंय."

जुनं नेटवर्क बंद झालं त्या दिवशी ताई सकाळपासून सज्ज होती, भांडायला. भांडायची वेळच आली नाही. सगळे फोन वाजत होते. कर्णेवाल्यानं तर नुसतं "लागतोय" हे सांगायला तिला सारखे फोन केले. संध्याकाळी ताई भावाला म्हणाली, "तुझ्या कंपनीनं एक तरी काम धड केलं बाबा." त्यावर भाऊ काहीच बोलला नाही. ती समजली, कौतुकानं लाजला.

मग ती दुपार आली. ताई एका फोनच्या पट्टीला डाग देत बसली होती. फोन वाजला. शिंपीकाका होते.

"ताई, लाल बटण दाबलंय मी. फोन काही बोलतच नाही."

"काय झालं काका?"

"ही स्वयंपाकघरात पडली. तोंड वाकडं झालंय. डोळे उघडे आहेत, पण बोलत नाही. मी लाल बटण धरलं, कानाला लावलं. थांबलोय. पण कुणी उचललंच नाही. मग म्हटलं, तुम्हाला विचारावं माझं काय चुकतंय."

डाग द्यायची सळई तशीच टाकून ताई बाहेर धावली. स्वतःच्या फोनवरून, तो वेगळ्या बनावटीचा होता, तिनं मदतीचा नंबर लावला, तो पहिल्याच घंटेला लागला. पण गाडी यायला वेळ लागेल म्हणाले. मग तिनं नवऱ्याला बोलावलं, तो शिकवणीची गाडी घेऊन आलाच. शेजारी बसलेल्या शिकाऊ मुलीला मागे बसवून त्यानं काकांच्या घराकडे गाडी वळवली. दोन्हीकडे ब्रेक असलेल्या, छपरावर 'शिकाऊ' असा फलक मिरवणाऱ्या त्या गाडीतून काकूंना दवाखान्यात नेलं. रस्ताभर मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या आणि जन्मात पहिल्यांदा ताईच्या नवऱ्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढून कुणाला तरी शिवी दिली.

काकू वाचल्या. पण त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टर सरळ स्वभावाच्या होत्या. म्हणाल्या, "मेंदूतला रक्तपुरवठा अडला होता. याच्यात वेळेला फार महत्त्व असतं. जरा आधी आणलं असतं तर कदाचित..." वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. काका बाकावर बसले होते, हातात तो फोन. किती वेळ थांबलात, हे ताईनं विचारलं नाही. काकांनी स्वतःच सांगितलं. "पहिल्यांदा खूप वेळ थांबलो. तुम्ही सांगितलं होतं ना, कापायचं नाही म्हणून. मग वाटलं, अंगठा नीट बसला नसेल. माझ्या अंगठ्याला घट्टा आहे. पुन्हा धरलं. पुन्हा थांबलो." मग ते फोनकडे बघत म्हणाले, "माझंच बोट चुकलं असणार, ताई."

ताईचे डोळे भरून आले नाहीत, असं तिचा नवरा सांगतो. ती नुसती लालबुंद झाली. तिनं काकांच्या हातातला फोन मागून घेतला, दुकानात आली आणि तो उघडून बसली. बटणाखालची पट्टी स्वच्छ होती. आवाजाचा भाग ठीक होता. तिनं स्वतःला लावला, वाजला. सगळं ठीक होतं, आणि याचाच तिला जास्त राग येत होता. मग तिनं भावाला फोन केला आणि झालेलं सगळं सांगितलं. पलीकडून आवाज आला नाही. आपल्या भावाचं गप्प बसणं ती लहानपणापासून ओळखत होती. काच फोडली तेव्हाही तो असाच गप्प बसला होता.

"इकडे ये," ती म्हणाली. "आत्ता."

तो आला, जिन्याला डोकं आपटलं आणि तसाच उभा राहिला. मग त्यानं सांगितलं. हे नवे फोन साधे कॉल नव्या नेटवर्कवरून करतात. पण बनवणाऱ्यांनी एक काम अर्धवट ठेवलंय. तातडीचा नंबर दाबला की हे फोन नव्याकडे जातच नाहीत, सवयीनं जुनं नेटवर्क शोधायला लागतात. जुनं आता कुठेच नाही, दुसऱ्या कंपनीचंही नाही. मग ते शोधतच राहतात. पडद्यावर 'कॉल जात आहे' असं दिसतं.

"म्हणजे मला लागतो, ज्याच्या त्याच्या पोरीला लागतो, आणि ज्याला लागायला पाहिजे त्यालाच लागत नाही."

"हो."

"तुला कधी कळलं?"

तो बोटांशी चाळा करत राहिला. "बंद करायच्या आधी. काही मॉडेलचा प्रश्न आहे, असं तपासणीत दिसलं होतं. मी बैठकीत मांडलं होतं, ताई. तारीख पुढे ढकलू म्हटलं. पण पट्ट्याचा लिलावातला पैसा भरलेला, यंत्रं येऊन पडलेली, दुसरी कंपनी पुढे गेलेली. वरून उत्तर आलं, असे फोन वापरणारे थोडेच आहेत. नंतर बघू."

"थोडे," ताई म्हणाली.

"ताई, तुझ्याकडचं मॉडेल त्या यादीत आहे की नाही, हे मला तेव्हा नक्की माहीत नव्हतं. खरंच."

"विचारलंस का मला, कुठलं मॉडेल आणलंस म्हणून? एकदा तरी? समोर बसून जेवत होतास." तिचा आवाज इतका चढला की वरून जिना उतरणारी माणसं थबकली. "थोडे म्हणजे कोण, सांगू? गवंडी, नर्सबाई, कर्णेवाला, काकू. हे तुमचे थोडे. सगळेच्या सगळे माझ्याकडे येतात, आणि मी त्यांना डोळे मिटायला लावून सांगितलंय, थांबा, उचलतात. मी सांगितलंय! तुमच्या बैठकीतल्या एकानं तरी कुणाला असं समोर बसवून सांगितलं होतं का?"

तळपायाची आग मस्तकात जावी अशा गोष्टी जगात पुष्कळ आहेत, पण 'थोडेच आहेत' या शब्दांइतका गुळगुळीत नीचपणा क्वचित सापडतो. मोठ्या टेबलाभोवती बसून तो सहज बोलता येतो. बोलणाऱ्याच्या कपड्यावर साधी सुरकुतीही पडत नाही.

ताईनं दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं. कापूस आणि नेलपॉलिश पुसायचं पाणी पिशवीत घातलं आणि ती घरोघर निघाली. प्रत्येक फोनवरचा लाल ठिपका पुसायचा, एकाच्या बटणावर तातडीच्या नंबराऐवजी स्वतःचा नंबर घालायचा आणि नवा पाठ द्यायचा: "काही झालं तर मला लावा. मी पुढे लावते." ठिपका पुसताना प्रत्येक जण विचारायचा, "का हो ताई?" आणि प्रत्येकाला तिनं खरं सांगितलं. कर्णेवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "म्हणजे इतके दिवस मी उगाच निर्धास्त होतो." ती आपला फोन घेऊन आंघोळीलाही जायला लागली. नवरा म्हणायचा, "अगं, तू आता सरकारी खातं झालीस." ती म्हणायची, "सरकारी असते तर सुट्टी मिळाली असती."

अशा तक्रारी इतरही ठिकाणांहून आल्या असाव्यात, कारण कंपनीला एकदम जाग आली. आणि जाग आल्यावर तिनं काय करावं? सगळ्यांच्या फोनवर एक संदेश पाठवला: 'आपल्या सुरक्षिततेसाठी आपला फोन लवकरच नेटवर्कवरून बंद करण्यात येत आहे.' तातडीचा नंबर लागत नाही ना, मग कुठलाच नको. आता हे लोक ताईलासुद्धा फोन करू शकणार नव्हते. बदल्यात कंपनी पडद्याचा फोन फुकट देणार होती, शोरूममध्ये येऊन रांग लावली तर. निम्म्यांना तो संदेश वाचता आला नव्हता. ज्यांना आला, ते तो ताईला दाखवायला घेऊन आले.

ताई कंपनीच्या कार्यालयात गेली. सोबत शिंपीकाका होते. यायची त्यांची इच्छा नव्हती. "मी काय बोलणार? माझंच बोट..." असं ते वाटेतही म्हणत होते. स्वागतकक्षातल्या मऊ सोफ्यावर दोघांना बराच वेळ बसवून ठेवलं. शेवटी ताईनं तिथेच मोठ्यानं बोलायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना काचेच्या भिंतींच्या एका खोलीत नेण्यात आलं. एक अधिकारी आले, नम्र आणि सुगंधी. तांत्रिक बाजू सांगायला म्हणून त्यांनी एका इंजिनियरला बोलावलं. आत आला तो ताईचा भाऊ. त्यानं बहिणीकडे बघितलं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला. ताईनं ओळख दाखवली नाही.

"तुमच्या भावना आम्ही समजू शकतो," अधिकारी म्हणाले.

"भावना राहू द्या. माझं म्हणणं सोपं आहे. आधी प्रत्येकाच्या हातात चालणारा बटणांचा फोन द्या. तातडीचा नंबर लागतो असा. मग जुना बंद करा. मधे एक दिवससुद्धा रिकामा नको."

"आम्ही पडद्याचा फोन देतोच आहोत."

"काकांचा अंगठा बघा." काकांनी संकोचत हात पुढे केला. "हा अंगठा तुमच्या पडद्याला कळत नाही. माणूस आहे की लाकूड, एवढंही कळत नाही त्याला."

अधिकाऱ्यांनी हाताकडे बघितलं आणि आवाज आणखी मऊ केला. "बाई, मला एक सांगायचंय. राग मानू नका. प्रत्येक प्रकरणात दोष फोनचाच असतो असं नाही. काही वेळा वयस्कर माणसाकडून गडबडीत बटण नीट दाबलं जात नाही. आमच्याकडे तशी नोंद..."

काकांनी हात मागे घेतला आणि मान खाली घातली. त्यांना हे आधीच माहीत होतं, फक्त आता एका मोठ्या माणसानं शिक्कामोर्तब केलं होतं. ताईनं ते बघितलं. पिशवीतून तिनं काकांचा फोन काढला. त्या दिवसापासून तो तिच्या खणात होता आणि त्या एकाच फोनवरचा लाल ठिपका तिनं पुसला नव्हता. तिनं तो टेबलावर ठेवला.

"मग लावून बघा. तुमचं बोट तर चुकणार नाही?"

"तो नंबर चाचणीसाठी लावता येत नाही," अधिकारी म्हणाले. "तिथे खऱ्या अडचणीतले लोक फोन करत असतात. असं गमतीत लावून त्यांचा वेळ घालवणं बरोबर नाही."

हे ताईचेच शब्द होते, तिच्याच स्टुलासमोर शेकडो वेळा बोललेले. हेच शब्द ती इतक्या करड्या आवाजात बोलली नसती, तर कुणीतरी कधीतरी चोरून लाल ठिपका दाबून बघितला असता आणि सगळं वेळेत उघडं पडलं असतं.

कोपऱ्यातून भाऊ उठला. टेबलाजवळ आला, फोन उचलला, आवाज मोठा केला आणि लाल ठिपक्यावर बोट धरून फोन पुन्हा टेबलावर ठेवला.

"हे काय करताय तुम्ही?" अधिकारी म्हणाले.

"कुणाचाही वेळ जाणार नाही, सर. हा तिथे पोचणारच नाहीये. आपल्याला माहीत आहे."

पडद्यावर 'कॉल जात आहे' असं आलं. घंटा नाही, खरखर नाही, काहीच नाही. काचेच्या भिंतीपलीकडून माणसं कॉफीचे पेले घेऊन जात होती. अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं. मग टाय सारखा केला. फोन शोधत होता. थोड्या वेळानं ते म्हणाले, "ठीक आहे, लक्षात आलं," आणि फोन कापायला त्यांनी हात पुढे केला.

काकांनी आपला राठ पंजा त्या फोनवर ठेवला.

"घाई करायची नाही," ते म्हणाले. "मी याच्याहून जास्त थांबलो होतो."

मग कुणी हात पुढे केला नाही. सगळे थांबले. काकांना पुरेसं वाटेपर्यंत थांबले. शेवटी काकांनी पंजा उचलला आणि ताईकडे बघितलं. "म्हणजे माझं बोट बरोबर होतं ना, ताई?"

"बरोबर होतं, काका," ताई म्हणाली, आणि या वेळी मात्र तिला रडू आवरलं नाही. "पहिल्यापासून बरोबर होतं."

फोन बंद करण्याचा हुकूम थांबला. बटणांचे दुसरे फोन आले, तपासून आले, आणि ते ताईच्या दुकानातूनच वाटले गेले, कारण तिनं तशी अट घातली होती. कंपनीनं वर्तमानपत्रात पानभर जाहिरात दिली, ग्राहकांची सुरक्षितता हेच आमचं पहिलं प्राधान्य वगैरे. ती जाहिरातही आता टेबलाच्या पायाखाली आहे. भावाला कंपनीनं दुसऱ्या विभागात हलवलं, तिथे त्याला बैठकांना बोलावत नाहीत. रविवारी तो अजून येतो. ताई त्याला वाढते, आग्रहही करते. पण फोनबद्दल ती त्याला काही विचारत नाही. तो अधूनमधून स्वतःच सांगू बघतो, तेव्हा ती भाजी वाढायला उठते.

पाठ मात्र बदलला. मदतीच्या नंबराच्या मुख्य कार्यालयात जाऊन, त्यांच्याशी हुज्जत घालून ताईनं परवानगी मिळवली आहे. दुपारच्या निवांत वेळेला, आधी कळवून, प्रत्येक फोनवरून एकदा लाल बटण दाबायचं. फोन पलीकडे लागल्याचं स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय ती कुणाला स्टुलावरून उठू देत नाही.

काकूंचा फोन सगळ्यात शेवटी झाला. काका त्यांना चाकाच्या खुर्चीतून घेऊन आले. काकूंनी डोळे मिटले, डाव्या अंगठ्यानं पाचाचा उंचवटा शोधला, तिथून वर आणि डावीकडे सरकत लाल ठिपक्यापर्यंत गेल्या आणि दाबून धरला. पहिल्याच घंटेला पलीकडून बाईचा आवाज आला, "बोला, काय मदत हवी आहे?" काकूंचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. ताईनं फोनपाशी तोंड नेलं.

"जिन्याखालच्या दुकानातून बोलतेय. चाचणीचा फोन आहे, पण हा नंबर नीट लिहून घ्या आणि पुढे पत्ताही सांगते तो लिहा. या नंबरावरून कधी फोन आला, तर पलीकडे कुणी बोलणार नाही. कितीही विचारलंत तरी बोलणार नाही."

"मग आम्ही काय समजायचं?"

"निघायचं," ताई म्हणाली. "थांबायचं नाही."